कुणापुढे हात पसरायला नकोत म्हणून कृत्रिम रक्ताची वाट बघू का?

(सातारा जिल्ह्यातल्या एका ताईंचं पत्र आलंय. ओळख पटेल असं सगळं काढून टाकून थोडक्यात देतेय.)

"माझं वय ४३. गर्भपिशवीत फायब्रॉइडच्या गाठी आहेत, दोन वर्षं पाळीत खूप रक्त जातं, हिमोग्लोबिन ७.४ वर आलंय. पिशवी काढायचं ठरलं, डॉक्टर म्हणाले दोन बाटल्या रक्त तयार ठेवा. माझ्या कार्डावर वीस-बावीस वर्षं ओ पॉझिटिव्ह लिहिलेलं आहे. पण रक्तपेढीत ओ च्या चार बाटल्या लावून बघितल्या, एकही जुळली नाही. नमुना मुंबईला पाठवला तेव्हा कळलं की माझा बॉम्बे ग्रुप आहे. ऑपरेशन पुढे गेलं. डॉक्टर म्हणतात सख्ख्या भावंडांचं रक्त तपासा. मला एक थोरला भाऊ, एक धाकटी बहीण. भावाशी जमिनीच्या वाटणीवरून सहा वर्षं बोलणं नाही, बहिणीशी जेवढ्यास तेवढं. पुतण्याने व्हिडिओ पाठवला, जपानमध्ये कृत्रिम रक्त तयार झालंय, कुठल्याही ग्रुपला चालतं, फ्रिजशिवाय दोन वर्षं टिकतं. तो म्हणतो काकू थांबा, वर्षभरात इकडे येईल, नाहीतर दक्षिण आफ्रिकेत असं रक्त आधीपासून मिळतं ते मागवू. मलाही तेच बरं वाटतंय, ज्याच्या दारात जायचं नाही असं ठरवलं त्याच्यापुढे हात कशाला पसरायचे? आणखी एक काळजी म्हणजे मुलगी २१ वर्षांची आहे, स्थळं येतायत, हे बाहेर कळलं तर रक्तात दोष आहे म्हणतील. तिचा ग्रुप एबी आहे, तिच्या वडिलांचा ए. ती झाली तेव्हा आई ओ आणि मूल एबी कसं यावरून सासरी बरंच बोललं गेलं होतं, ते मी अजून विसरलेले नाही. थांबू का?"

ताई, तुम्ही विचारलंय कृत्रिम रक्ताबद्दल, पण मी सुरुवात तुमच्या शेवटच्या ओळींपासून करणार आहे, कारण त्या वाचल्यावर मी पत्र बाजूला ठेवून बराच वेळ नुसती बसून होते. मी सव्वीस वर्षं रक्तपेढीत काम केलंय आणि या एका गोष्टीवरून घरात काय काय होतं ते मला माहितीये. आई ओ असेल तर मूल एबी होत नाही, हे खरंच आहे. पण तुम्ही ओ कधी नव्हताच. बघा, ए किंवा बी ही जी खूण लाल पेशीवर असते ती एच नावाच्या पायावर उभी राहते, जसं घराच्या भिंतीला आधी जोतं लागतं तसं. तुमच्या पेशींवर ते जोतंच नाहीये. त्यामुळे आईवडिलांकडून आलेला बी चा जीन आत शाबूत आहे पण त्याला उभं राहायला जागा नाही, आणि साध्या तपासणीत काहीच दिसलं नाही की लिहिणारा ओ लिहून मोकळा होतो. तुमच्या मुलीला तुमच्याकडून तो बी मिळाला, वडिलांकडून ए मिळाला आणि जोतंही वडिलांकडूनच मिळालं, म्हणून तिच्यात दोन्ही उघड दिसले. तुमचा रिपोर्ट बघता याचा उलगडा हाच आहे. म्हणजे जो कागद तुम्ही लपवायचा म्हणताय तोच कागद एकवीस वर्षांपूर्वीच्या बोलण्याचं उत्तर आहे, आणि मला तर वाटतं तो आधी तुमच्या घरात, तुमच्या यजमानांसमोर टेबलावर ठेवावा. कुणाला काही सिद्ध करून दाखवायला नाही हो, तुमच्या मनात इतकी वर्षं जो सल आहे तो निघावा म्हणून.

वीस वर्षं चुकीचा ग्रुप कसा काय लिहिला गेला असं तुम्हाला वाटत असेल. शिबिरात, शाळा-कॉलेजात, बाळंतपणाच्या वेळी घाईघाईत टाइलवर थेंब टाकून जी तपासणी होते ती अर्धीच असते, तुमच्या पेशी बघितल्या जातात पण तुमचं सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर उरणारं पाणी, दुसऱ्या पेशींशी काय करतं हे बघितलं जात नाही. ते कळतं क्रॉसमॅचला, म्हणजे बाटलीतलं रक्त तुम्हाला जुळतं का हे बघतात तेव्हा. काचेच्या नळीत तुमच्या सीरमचे दोन थेंब, त्यात ओ पेशींचा एक थेंब, मशीनमध्ये फिरवून नळी बाहेर काढली की तळाशी शर्टाच्या बटणासारखा लाल ठिपका बसलेला असतो. रक्त जुळणारं असेल तर हलकीशी टिचकी मारली की तो ठिपका धुरासारखा वर येतो आणि सगळी नळी एकसारखी लाल होते. बॉम्बे ग्रुपला ते बटण सुटतच नाही, टिचकी मारा, नळी तिरकी करा, अख्खा गोळा तसाच्या तसा आत फिरत राहतो. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा नळ्यांची अदलाबदल झाली असेल म्हणून तीनदा करून बघितलं होतं. ज्या कुणी तुमच्या वेळी चौथी बाटलीही न जुळल्यावर "देऊन टाका, काही होत नाही" असं न म्हणता नमुना मुंबईला पाठवला त्या टेक्निशियनचे खरंच आभार माना, कारण तुमच्या सीरममध्ये जी अँटिबॉडी आहे ती शरीराच्या तापमानाला जोरात काम करते आणि ओ चं रक्त चढवलं असतं तर आत गेलेल्या पेशी फुटल्या असत्या, किडनीपर्यंत प्रकरण गेलं असतं.

हा ग्रुप १९५२ साली मुंबईतच डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधला, म्हणून त्याचं नाव बॉम्बे. आपल्याकडे साधारण दहा हजारात एक माणूस असा सापडतो, युरोपात दहा लाखात एक. आणि हा आजार नाहीये. तुमची तब्येत, आयुष्य, बाळंतपण कशाशी याचा संबंध आला नाही ना आजवर? फक्त रक्त घ्यायची वेळ आली की अडतं.

आता कृत्रिम रक्ताकडे वळते. पुतण्याचं मन चांगलं आहे, त्याने काकूसाठी शोधाशोध केली, आणि व्हिडिओतलं सगळंच खोटं आहे असं मी अजिबात म्हणणार नाही. पण "कृत्रिम रक्त" हा शब्दच फसवा आहे. रक्त ऑक्सिजन नेतं, गोठतं, जंतूंशी लढतं, आणखी पन्नास कामं करतं. प्रयोगशाळेत जे बनवतायत ते यातलं एकच काम करतं, ऑक्सिजन नेण्याचं, आणि तेही थोड्या वेळापुरतं. तुम्ही दुष्काळी माण-खटावच्या जवळपासच्या असाल तर टँकर म्हणजे काय हे मी तुम्हाला सांगायला नको. टँकर आला की त्या दिवसाचं भागतं, पण विहिरीला त्याने काही पाणी येत नाही. तुमच्या लाल पेशी साधारण १२० दिवस जगतात, आणि दक्षिण आफ्रिकेतलं ते जे औषध आहे त्यातलं निम्मं एका दिवसात शरीरातून निघून जातं.

या टँकरची गोष्ट जुनी आहे आणि ती थोडी सविस्तर सांगते, कारण असे व्हिडिओ अनेकांना येतात. १९६६ मध्ये अमेरिकेत क्लार्क आणि गोलन या दोघांनी एक उंदीर चक्क द्रवात बुडवून ठेवला आणि तो आत श्वास घेत जिवंत राहिला, कारण त्या परफ्लुरोकार्बन नावाच्या द्रवात ऑक्सिजन भरपूर विरघळतो. त्यावरून जपानी कंपनीने फ्लुओसोल नावाचं औषध बनवलं, १९८९ मध्ये अमेरिकेत त्याला परवानगीही मिळाली, पण फक्त हृदयाच्या अँजिओप्लास्टीच्या वेळी वापरायला. ते गोठवून ठेवायचं, वापरायच्या आधी वितळवून मिसळायचं, आणि पेशंटला वरून भरपूर ऑक्सिजन द्यायचा तरच त्याचा उपयोग, इतका व्याप झाला की काही वर्षांतच ते बंद पडलं. रशियात परफ्टोरान नावाने याच जातीचं औषध १९९६ पासून वापरात आलं.

दुसरा रस्ता हिमोग्लोबिनचा. पेशी फोडून आतलं हिमोग्लोबिन काढायचं आणि तेच सलाईनसारखं द्यायचं, पेशीचं वेष्टनच नाही म्हणजे ग्रुपचं भांडणही नाही. ऐकायला किती सोपं वाटतं! पण हिमोग्लोबिन पेशीच्या आत बांधून ठेवलेलं असतं त्याला कारण आहे. मोकळं सुटलं की त्याचे तुकडे होऊन किडनीवर येतं, आणि रक्तवाहिन्या सैल ठेवणारा नायट्रिक ऑक्साइड ते शोषून घेतं, मग नळ्या आवळतात, बीपी चढतं, हृदयावर ताण येतो. म्हणून रेणू एकमेकांना जोडून मोठे करायचे प्रयत्न झाले. तरीही १९९८ मध्ये अमेरिकेत अपघाताच्या पेशंटवर अशाच एका औषधाची चाचणी मध्येच थांबवावी लागली, ते दिलेल्यांपैकी ४६ टक्के महिन्याभरात गेले, नुसतं सलाईन दिलेल्यांपैकी १७ टक्के. पुढे २००८ मध्ये अशा पाच औषधांच्या १६ चाचण्या, ३७०० हून जास्त माणसं, सगळी एकत्र मोजली तेव्हा मृत्यूचा धोका ३० टक्क्यांनी जास्त आणि हार्ट अटॅकचा जवळजवळ पावणेतीन पट निघाला. हे आकडे मी घाबरवायला देत नाहीये. दोन वाक्यांच्या फॉरवर्डमागे किती माणसांचे जीव आहेत हे कळावं म्हणून देतेय.

दक्षिण आफ्रिकेचं म्हणाल तर तिथे २००१ मध्ये हिमोप्युअर नावाच्या औषधाला परवानगी मिळाली हे खरं आहे. ते गाईच्या रक्तातल्या हिमोग्लोबिनपासून बनतं, हे आधीच सांगितलेलं बरं, कारण तुमच्या घरात ते चालेल की नाही हा तुमचा प्रश्न आहे. त्याचा उपयोग झालेले पेशंट आहेत, अमेरिकेत यहोवाचे साक्षीदार पंथाच्या लोकांना, जे धर्माच्या कारणाने रक्त घेतच नाहीत, खास परवानगीने ते दिलं गेलंय, आणि ज्याला रक्त कुठल्याच मार्गाने मिळणार नाही आणि ज्याचा जीव आत्ता जातोय त्याच्यासाठी चार दिवस ढकलायला ते मोलाचं ठरू शकतं. तसा प्रसंग आला आणि डॉक्टरांनी स्वतः धडपड करून मागवलं तर मी नको म्हणणार नाही. पण तुमची वेळ ती नाहीये ताई. तुमचं ऑपरेशन ठरवून करायचं आहे, हातात वेळ आहे. आणि आपल्याकडे कुठल्याही रक्तपेढीत मागून मिळेल अशी ही वस्तू नाही, सरकारी परवानगीशिवाय कुणी बॅगेत घालून आणूही शकत नाही. "मी मिळवून देतो, इतके लाख भरा" असं कुणी म्हणालं तर फोन ठेवून द्या.

आणि जपान. तिथल्या नारा मेडिकल युनिव्हर्सिटीत जे चाललंय ते मला या सगळ्यात शहाणपणाचं वाटतं, मनापासून वाटतं. त्यांनी हिमोग्लोबिन मोकळं न सोडता चरबीच्या इवल्याशा पिशवीत बंद केलंय, म्हणजे निसर्ग जे करतो तेच, फक्त लाल पेशीपेक्षा कितीतरी लहान. टिकाऊ आहे, ग्रुप नाही. आधी १२ निरोगी पुरुषांना अगदी थोडं, जास्तीत जास्त १०० मिलि देऊन बघितलं, २०२५ मध्ये १०० ते ४०० मिलि द्यायची पुढची चाचणी सुरू केली, तीही निरोगी लोकांवरच. आजारी माणसांवर चाचण्या त्याच्यानंतर, २०३० च्या आसपास वापरात यावं अशी त्यांचीच आशा आहे. वर्षभरात कराडला किंवा साताऱ्याला येईल हे काही खरं नाही. इंग्लंडमध्ये २०२२ मध्ये प्रयोगशाळेत वाढवलेल्या लाल पेशी माणसाला पहिल्यांदा दिल्या, तुमच्यासारख्या दुर्मिळ ग्रुपवाल्यांसाठीच ते काम चाललंय, पण दिल्या किती, तर चमचा-दोन चमचे.

एक गोष्ट मात्र तुमच्या पुतण्यालाही माहीत नसेल. जपानच्या त्या औषधातलं हिमोग्लोबिन येतं कुठून माहितीये? दान केलेल्या, मुदत संपलेल्या रक्ताच्या पिशव्यांमधून. इंग्लंडमधल्या त्या पेशीसुद्धा कुणीतरी दिलेल्या रक्तातूनच वाढवलेल्या. म्हणजे कुणाचे उपकार नकोत म्हणून ज्या बाटलीची वाट बघायची म्हणताय तिच्या मुळाशीही सुई टोचून घेतलेला कुणीतरी अनोळखी माणूस आहेच. माणसाच्या रक्ताची पूर्ण जागा घेईल आणि हात पसरावा लागणारच नाही असं रक्त अजून कुठेच बनलेलं नाही.

मग थांबायचं का? कृत्रिम रक्तासाठी अजिबात नाही. पण दोन-तीन महिने तयारीसाठी थांबायचं असेल तर नक्की, आणि हा फरक नीट लक्षात घ्या. नुसतं थांबलात तर दर पाळीला तुमचं जे रक्त जातंय ते देशात सहज न मिळणारं रक्त आहे आणि ते पॅडमध्ये जातंय. मला याचंच सगळ्यात वाईट वाटतंय. बॉम्बे ग्रुपचं रक्त बनवणारा सगळ्यात जवळचा कारखाना तुमच्याच हाडांत आहे, त्याला फक्त कच्चा माल मिळत नाहीये. दोन बाटल्या चढवून हिमोग्लोबिन वाढतं किती, जेमतेम दोन ग्रॅम. तेवढं किंवा त्याहून जास्त तुमचं शरीर स्वतःच महिना-सव्वा महिन्यात करू शकतं, जर लोह मिळालं आणि गळती थांबली तर.

म्हणून डॉक्टरांना पहिलं हे विचारा की गळती आत्ता कशी थांबवायची. पाळीत रक्त कमी जावं म्हणून ट्रानेक्झॅमिक ॲसिडच्या गोळ्या असतात, दोन-तीन महिने पाळीच थांबवून गाठी थोड्या लहान करणारी हार्मोनची इंजेक्शनं असतात, गाठींची जागा बघून हार्मोनची कॉपर-टीसारखी दिसणारी वस्तू बसवता येते, आणि मोठ्या शहरात गाठीची रक्तवाहिनी बंद करायचीही सोय आहे, तीत पोट उघडावं लागत नाही. यातलं तुम्हाला काय योग्य ते सोनोग्राफी बघून तेच सांगतील, मी इथून सांगणं बरोबर नाही, पण "पिशवी काढायची, रक्त आणा" या दोन वाक्यांच्या मध्ये एवढं सगळं आहे हे तुम्हाला माहीत असावं. कदाचित ऑपरेशनच लांबेल किंवा लागणारही नाही.

दुसरं लोह. ७ च्या आसपास हिमोग्लोबिन असलेल्या पन्नास-पंचावन्न किलोच्या बाईला १३ पर्यंत यायला साधारण बाराशे-तेराशे मिलिग्रॅम लोह लागतं, गोळ्यांतलं त्यातलं थोडंच अंगी लागतं, त्यामुळे शिरेतून लोहाचं सलाईन घेणं हा तुमच्यासाठी जवळचा रस्ता. एक-दोन वेळा दवाखान्यात जाऊन बसायचं, नंतर तीन-चार आठवड्यांत फरक दिसतो. गोळ्या चालू असतील तर चहाबरोबर, दुधाबरोबर घेऊ नका, मी सव्वीस वर्षांत हे इतक्या बायकांना सांगितलंय आणि तरी सकाळी चहा घेता घेताच गोळी घेतली जाते. लिंबूपाण्याबरोबर घ्या. शाकाहारी असाल तर बी-१२ तपासून घ्या, आणि जंताचं औषधही विचारा.

तिसरं, हिमोग्लोबिन ११ च्या वर गेलं की तुमचंच रक्त तुमच्यासाठी काढून ठेवता येतं. याला ऑटोलोगस म्हणतात. ऑपरेशनच्या काही आठवडे आधी एक पिशवी, जमलं तर आणखी एक, शेवटची निदान तीन दिवस आधी. साठवायच्या द्रावणानुसार ते ३५ ते ४२ दिवस टिकतं. एका पिशवीबरोबर दोनशे-अडीचशे मिलिग्रॅम लोह जातं म्हणून लोह पुढेही चालू ठेवायचं. यात कुणाचे उपकार नाहीत ना ताई, तुमचंच तुम्हाला. ऑपरेशनच्या वेळी सांडलेलं रक्त गोळा करून, धुवून परत देणारं सेल सेव्हर नावाचं मशीन असतं, ते कुठे आहे चौकशी करा. आणि हे ऑपरेशन छोट्या नर्सिंग होममध्ये करू नका, रक्तपेढी त्याच आवारात आहे अशा मोठ्या दवाखान्यातच करा, भले पुण्याला जावं लागो.

चौथं, एखाद-दुसरी बाटली बॉम्बे ग्रुपचीही तयार हवीच, न लागली तर आनंदच आहे. त्यासाठी व्हॉट्सॲपवर स्वतःचा नंबर टाकून मेसेज फिरवू नका. असे मेसेज वर्षानुवर्षं फिरत राहतात, पेशंट बरा होऊन घरी गेला तरी फोन थांबत नाहीत, आणि येणाऱ्या फोनपैकी निम्मे "ओ निगेटिव्ह आहे, चालेल का" असे असतात. ओ निगेटिव्हसुद्धा चालत नाही, हे पाठ करून ठेवा. तुमच्या रक्तपेढीच्या डॉक्टरांनाच मुंबईत परळला केईएमच्या आवारातल्या राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थेशी बोलायला सांगा, दुर्मिळ दात्यांची नोंद तिथे ठेवतात. मुंबई-बंगळूरमध्ये बॉम्बे ग्रुपच्या दात्यांची यादी सांभाळणाऱ्या स्वयंसेवी संस्थाही आहेत. २०१६ मध्ये मुंबईतल्या चार जणांनी रक्त दिलं आणि ते थेट ढाक्याला एका अपघातग्रस्ताला गेलं होतं, तुमचं गाव त्यापेक्षा जवळ आहे. फक्त तारीख आधी ठरवून सांगा, कारण या लोकांना कुणाला तरी सुट्टी काढून यावं लागतं. पैसे देऊन रक्तदाता आणायचा विचारही नको, १९९८ पासून ते बंद आहे आणि धोक्याचंही आहे.

हे सगळं होईपर्यंत तासाला एक पॅड लागायला लागलं, बसल्या जागी धाप लागली, छातीत दुखलं, उभं राहिल्यावर डोळ्यापुढे अंधारी आली तर यातल्या कशाचीही वाट न बघता दवाखान्यात जा, रिपोर्ट बरोबर घेऊन.

आता भाऊ. मी हे शेवटी ठेवलं कारण मला वाटतं तुमचा खरा प्रश्न हाच आहे, जपान वगैरे नंतर आलं. जमिनीचं कोण चूक कोण बरोबर ते मला माहीत नाही आणि ते इथे काढायचंही नाही. तुम्ही धरून चाललाय की भावाला फोन करणं म्हणजे मागणं. पण जरा हिशोब करा. तुमचे आईवडील दोघंही एच नसण्याची ही उणीव लपलेली घेऊन होते, आपल्याकडे मामाची मुलगी करायची रीत आहे, तुमच्याकडे नात्यातलं लग्न असेल तर हे असं जास्त घडतं. अशा जोडप्याच्या प्रत्येक मुलात बॉम्बे ग्रुप असायची शक्यता चारात एक. म्हणजे तुमच्या दादाच्या कार्डावरही ओ लिहिलेलं असेल आणि ते तुमच्यासारखंच चुकीचं असेल, ही शक्यता खरी आहे. उद्या हायवेवर त्याच्या गाडीला काही झालं, घाईच्या वेळी कुणी कार्ड बघून ओ ची बाटली लावली तर? तुमच्या बहिणीचंही तेच, तिच्या एखाद्या ऑपरेशनच्या वेळी. ही गोष्ट त्या दोघांना सांगू शकेल असं जगात आज एकच माणूस आहे, ते म्हणजे तुम्ही. तुम्ही मागायला फोन करत नाही आहात, सांगायला करताय. माझ्या मते हे न सांगणं तुम्हाला पुढे जमिनीपेक्षा जास्त टोचेल.

आणि तो बॉम्बे निघाला तर? दोघांपैकी निदान एकाचा तरी ग्रुप जुळायची शक्यता साधारण ४४ टक्के आहे, कमी नाही. तेव्हा द्यायचं की नाही हा निर्णय त्याचा. त्याने नाही म्हटलं तर वाईट वाटेल, पण वर सांगितलेले सगळे रस्ते तुमच्याकडे आहेतच, तुम्ही त्याच्या एका बाटलीवर अडून नाही. ते माहीत असलं की फोन करताना आवाज वेगळा येतो. मी रक्तपेढीच्या बाकड्यावर शेजारी शेजारी बसून एकमेकांशी न बोलणारे भाऊ बघितलेत, एकाच्या हाताला पट्टी, दुसरा बिस्किटाचा पुडा फोडून पुढे करतोय आणि दोघंही भिंतीकडे बघतायत. पुढे त्यांचं काय झालं मला कळलं नाही. बिस्किट मात्र घेतलं होतं.

मुलीचं थोडक्यात सांगते. ती एबी आहे, आरएच जुळत असेल तर ए, बी, ओ, एबी कुठल्याही ग्रुपचं रक्त तिला चालतं, तिला काहीही झालेलं नाही. तुमच्याकडून तिला ती लपलेली उणीव एकेरी मिळालीये, वडिलांकडचा चांगला जीन असल्यामुळे ती दिसणार नाही. होणाऱ्या नवऱ्याकडेही तीच उणीव असेल तरच पुढच्या मुलांत चारात एक शक्यता, म्हणून तुमच्या माहेरच्या नात्यातलं स्थळ असेल तर तेवढं तपासून घ्या. बाकी कुणाला पत्रिकेबरोबर हे सांगायची गरज नाही आणि लपवायचीही नाही. कुणी "रक्तात दोष" म्हणालंच तर डोळ्याचा रंग वेगळा असतो तसं आहे म्हणावं.

हे वाचणाऱ्या बाकीच्यांनाही सांगते, विशेषतः कार्डावर ओ असलेल्यांना. पुढच्या वेळी रक्तदानाला जाल तेव्हा ग्रुप दोन्ही बाजूंनी तपासलाय का विचारा, रक्तदात्याचा तसा तपासतातच, शिबिराच्या जुन्या कार्डावर विसंबू नका. आईवडिलांशी ग्रुप जुळत नाही असं मूल घरात असेल तर कुजबुज करण्याआधी रक्तपेढीच्या डॉक्टरांना भेटा.

ताई, पर्समध्ये एक जाड कागदाचा तुकडा ठेवा, मराठी आणि इंग्रजी दोन्हीत लिहा: बॉम्बे ग्रुप, आरएच पॉझिटिव्ह, ओ चालत नाही, क्रॉसमॅचशिवाय काहीही चढवू नका. खाली यजमानांचा नंबर. आधारकार्डाच्या मागेच ठेवा म्हणजे सापडेल. आणि दादाला लांबलचक काही बोलायची गरज नाही. "दादा, माझा ब्लड ग्रुप इतकी वर्षं चुकीचा लिहिलेला होता, तुझाही तसाच असू शकतो, तू आणि मुलं तपासून घ्या, रिपोर्ट पाठवतेय" एवढंच. फोन उचलला नाही तर हेच वाक्य वहिनीला मेसेज करा, बरोबर रिपोर्टचा फोटो. लोहाचं सलाईन त्याच आठवड्यात सुरू करा, त्याच्या उत्तरासाठी थांबू नका.